ॲन आर्बरचे शनिवार

ॲन आर्बरमधलं मिशिगन विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम त्या देशातलं सर्वांत मोठं, १,०७,६०१ माणसं बसतील एवढं. पण मेन स्ट्रीटने चालत गेलं की समोर फक्त विटांच्या भिंती येतात. दोन्ही बाजूंना २०१० साली उभ्या केलेल्या उंच इमारती आहेत, त्या पैसेवाल्यांच्या काचेआडच्या खोल्यांसाठी. त्या सोडल्या तर जवळजवळ सगळं स्टेडियम जमिनीत आहे. रस्त्याच्या पातळीवरच्या दारातून आत शिरायचं, आणि समोर बाकांच्या रांगा खाली, आणखी खाली उतरत मैदानापर्यंत गेलेल्या. १९२७मध्ये फील्डिंग योस्ट नावाच्या क्रीडासंचालकाने हट्टाने हे खणून घेतलं. खाली पाण्याचे झरे होते, दलदल होती. बांधकामातली एक क्रेन तिथे रुतली आणि ती अजून मैदानाखालीच आहे, असं गावात सांगतात. क्षमतेच्या आकड्यातला शेवटचा एक हा फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या नावाने राखलेल्या खुर्चीचा. ती खुर्ची नेमकी कुठली, ते गुलदस्त्यातच ठेवलंय.

या गावाची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत १,२३,८५१. म्हणजे सामन्याच्या दिवशी अख्खं गाव उचलून स्टेडियममध्ये ठेवलं तरी फारसं कोणी बाहेर उरणार नाही. आमच्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११लाच ८,०९,३७८ होती. आमच्याकडे नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान आहे, मिठागरं आहेत, आणि अलीकडे जाळ्या लावलेली, तासावर भाड्याने मिळणारी टर्फ आहेत. भाईंदरच्या शाळेत मी खेळशिक्षिका म्हणून नोकरी केली, मुलींना कबड्डी शिकवली. जिल्हास्तरीय स्पर्धांना पोरींना लोकलने नेताना डब्यात जागा मिळेल का, ही आमची पहिली लढत असायची. त्यामुळे कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखभर माणूस येतो, हे लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी ते तिच्या नेहमीच्या अतिशयोक्तीत जमा केलं होतं.

लेक आणि जावई ॲन आर्बरला राहतात. डेट्रॉइटच्या विमानतळावरून गाडीने अर्धा-पाऊण तास. ह्यूरन नावाची लहानशी नदी, झाडंच झाडं, आणि विद्यापीठ. हे विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालं आणि १८३७मध्ये इथे आलं. गावातली दुकानं, खानावळी, बस सगळं त्याच्या भोवती फिरतं. आवाराच्या मधोमध 'डायॅग' नावाचा चौक आहे, त्यात फरशीवर पितळी 'एम' बसवलाय. पहिली परीक्षा होईपर्यंत त्यावर पाय द्यायचा नाही, नाहीतर नापास होतो, अशी नव्या मुलांची समजूत. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठातली हुशार पोरं त्या अक्षराला वळसा घालून जाताना मी स्वतः पाहिली.

मी गेले २०२३च्या सप्टेंबरात. तेव्हा फुटबॉलचा तो मोसम पुढे इतका गाजेल, याची मला काय कल्पना! मला एवढंच कळत होतं की घरातलं कॅलेंडर दोन रंगांत आहे. निळ्या गोलातले शनिवार म्हणजे गावातले सामने. त्या दिवशी वाणसामान आणायला जायचं नाही, कोणाला जेवायला बोलवायचं नाही, विमानतळावर कोणाला घ्यायला जायचं असेल तर दोन तास आधी निघायचं. नेहमीच्या मोसमात बारा सामने, त्यातले सात-आठ घरच्या मैदानावर. बास. आपल्याकडे क्रिकेटचा एक सामना हरला तरी परवा दुसरा असतो. इथे तेव्हा एक हरला तर विजेतेपदाचं गणित डळमळायचं, दोन हरले तर बहुतेक वर्ष संपायचं. तीन महिन्यांत बारा शनिवार, त्यामुळे प्रत्येकाला वजन फार. तिथल्या मराठी मंडळींना हे पुरतं ठाऊक आहे. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉल ठरवायचा तर आधी फुटबॉलचं वेळापत्रक उघडून बसतात.

आणि तरी त्या वर्षी घोळ झालाच. २३ सप्टेंबरला, शनिवारी, रटगर्सशी सामना होता आणि त्याच दिवशी गौरी-विसर्जन. जावयाने तिकिटं काढून ठेवली होती. तो जरा चाचरतच म्हणाला, "आई, सामना बाराचा. साडेतीनपर्यंत संपतो. गौरी संध्याकाळी पोचवल्या तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल की, त्यांनाही ट्रॅफिक टाळता येईल. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचा सामना असता तर तिकिटाचे भाव ऐकूनच मी घरी बसले असते. रटगर्ससारख्या पाहुण्यांची तिकिटं बरीच स्वस्त मिळतात. शिवाय सप्टेंबरात ऊन असतं, नोव्हेंबरात बाकावर बसून दात वाजतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे दोन्ही लक्षात ठेवावं.

सामन्याच्या सकाळी स्टेडियमच्या आजूबाजूचे घरमालक पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर उभे असतात आणि पैसे घेऊन आपल्या अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात. समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात आणि विद्यापीठाच्या गोल्फ मैदानावर गाड्यांच्या रांगाच रांगा. गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, खुर्च्या मांडायच्या आणि सामन्याआधी तीन-चार तास खात-पीत बसायचं. याला 'टेलगेट' म्हणतात. आमच्या शेजारच्या गाडीवाल्या आजोबांनी मला न विचारता कणीस भाजून दिलं. मी डब्यातले तळणीचे मोदक पुढे केले, त्यांनी तीन खाल्ले आणि आत काय आहे ते विचारून घेतलं. आत जाताना मात्र हातात काही नको. पिशवी नेता येत नव्हती, पर्ससुद्धा तळहाताएवढी लागायची. २०२३मध्ये आत दारूही विकत नसत, ती पुढच्या वर्षी सुरू झाली. त्यामुळे जे काही प्यायचं ते मंडळी बाहेरच उरकून येत होती, आणि ते दिसतही होतं.

आत बाकांना पाठ नाही. बाकावर आकडे रंगवलेले, आणि दोन आकड्यांमधली जागा ज्याने ठरवली तो सडपातळ असावा. विरार लोकलमधल्या चौथ्या सीटची सवय असल्याने मी बरोबर बसले. माझ्या डावीकडच्या बाईंना मात्र सरकून घ्यायची कला ठाऊक नव्हती. ८ नोव्हेंबर १९७५पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखाहून जास्त प्रेक्षक आलेत. अपवाद कोविडच्या २०२०चा. खेळाडू यायच्या आधी विद्यापीठाचा बँड येतो. त्यांचा ड्रम मेजर टोपी काढून मागे वाकत वाकत डोकं जमिनीला टेकवतो. कमरेची ही लवचीकता बघून माझ्यातली शिक्षिका खूश झाली. मग मैदानाच्या मध्यावर निळी पट्टी धरतात आणि बोगद्यातून धावत आलेला प्रत्येक खेळाडू उडी मारून तिला हात लावून पुढे जातो. १९६२पासूनची ही पद्धत. डोक्यावर निळी हेल्मेटं, कपाळावर मक्याच्या पिवळ्या रंगाचे पंख. तो आकार क्रिस्लरने १९३८मध्ये आणला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड याच विद्यापीठाकडून खेळले, १९३२ आणि १९३३च्या विजेत्या संघांत ते होते.

आता खेळ. जावयाने गाडीत मला नियम सांगायला सुरुवात केली होती आणि दहाव्या मिनिटाला मी त्याला थांबवलं. नवख्याने एकच गोष्ट धरून ठेवावी. चार संधी, दहा यार्ड. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्याला. शंभर यार्ड पार करून शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, वर एक किंवा दोन गुणांची जोड. लांबून खांबांमधून लाथाडला तर तीन. चेंडू फेकून पुढे न्यायचा किंवा पोटाशी धरून पळायचं. बाकीचे नियम पंच शिट्टी वाजवतील तेव्हा शेजारच्याला विचारावेत. तो आनंदाने सांगतो, कधीकधी पंचांच्या घराण्याचा उद्धार करूनही सांगतो.

सगळे जण क्वार्टरबॅककडे बघतात. तो चेंडू घेतो, फेकतो, पोस्टरवर त्याचाच फोटो असतो. मिशिगनचा त्या वर्षीचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी. पण मी इतकी वर्षं पोरींना साखळी शिकवलेली. चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, सामना मात्र कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांच्या हाताच्या पकडीवर ठरतो, हे कबड्डीत मुरलेल्या कोणालाही पटेल. त्यामुळे माझे डोळे आपोआप चेंडूवरून हटून क्वार्टरबॅकपुढे ओणवे बसलेल्या पाच जणांवर गेले. मधला एक सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. प्रत्येकी १४० किलोच्या आसपास. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच त्याचा चेंडूशी संबंध. बाकीच्या चौघांचा तेवढाही नाही. यांचे क्रमांक ५० ते ७९च्या दरम्यानच असावे लागतात, म्हणजे पंचांना लांबूनच कळतं की या माणसाला पास झेलायचा अधिकार नाही. चार-चार वर्षं खेळतात आणि एकदाही गुण नोंदवत नाहीत. त्यांचं काम एकच, समोरचा धटिंगण मागे रेटायचा आणि आपल्या पोराला पळायला वाट काढून द्यायची.

ती रेटारेटी आंधळी नसते. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा दिसलं. चेंडू हलायच्या आधी पाचही जण एका हाताची बोटं जमिनीवर टेकून स्थिर. चेंडू हलला की पहिलं पाऊल सगळ्यांचं एकाच दिशेला, छोटं, सहा इंचांचं. मग हात समोरच्याच्या छातीवर, कोपर आत, कंबर खाली. कंबर ज्याची वर राहिली तो हरला. हे वाक्य मी किती मुलींना किती वेळा ओरडून सांगितलंय! मिशिगनच्या या फळीला, म्हणजे लाइनला, २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं जो मूर पुरस्कार मिळाला होता, देशातल्या सर्वोत्तम लाइनचा. हा पुरस्कार एका खेळाडूला न देता पाचही जणांना मिळून देतात. मला हे फार आवडलं.

त्या दिवशी रटगर्सने सुरुवातीलाच लांब पास टाकून टचडाउन केलं आणि लाखभर माणूस एकदम गप्प झाला. या मोसमात मिशिगन पहिल्यांदाच मागे पडलं होतं. पण नंतर रटगर्सला एकही गुण मिळाला नाही. ब्लेक कोरम नावाचा बुटका, गुटगुटीत धावपटू त्या पाच जणांच्या पाठीशी दबा धरून थांबायचा आणि फट दिसली की घुसायचा. दोन टचडाउन त्याची. तिसऱ्या सत्रात रटगर्स मिशिगनच्या हद्दीत आलं असताना माइक सेन्रिस्टिलने त्यांचा पास मध्येच पकडला आणि ७१ यार्ड पळत सुटला. मूळ हैतीचा हा मुलगा आधी पास झेलणाऱ्यांत खेळायचा, त्याला बचावात आणला होता. ३१–७. हरलेल्या रटगर्सचं एक मोठेपण सांगायला हवं. ६ नोव्हेंबर १८६९ला न्यू जर्सीत याच कॉलेजने प्रिन्स्टनला ६–४ हरवलं, आणि कॉलेज फुटबॉलचा इतिहास तिथून मोजतात. पहिला सामना जिंकणाऱ्याच्या वाट्याला पुढे काय येईल, याचा भरवसा नाही.

संध्याकाळी गौरी पोचवल्या. उशीर झालाच, पण माहेरवाशिणींनी तक्रार केली नाही.

खेळाच्या इतिहासाचं एक पुस्तक लेकीच्या घरी होतं, ते मी नंतर चाळलं. सुरुवातीच्या काळात हा खेळ इतका हाणामारीचा होता की पोरं मैदानावर मरत. १९०५मध्ये अध्यक्ष थिओडोर रुझवेल्टना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुधारा म्हणावं लागलं. त्यानंतर १९०६मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे झुंड करून रेटण्याला पर्याय आला. आज हेल्मेटं आहेत, डॉक्टर आहेत, पण डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा आजार होतो, हेही आता सिद्ध झालंय. टेलगेटच्या आजोबांनी नातवाला या खेळात घातलं नव्हतं. स्वतः मात्र एकही सामना चुकवत नव्हते.

पैशाची बाजू तर मला पचलीच नाही. तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांचा पगार वर्षाला ८० लाख डॉलरच्या घरात, राज्यातल्या जवळजवळ कुठल्याही सरकारी नोकराहून जास्त, कारण विद्यापीठ सरकारी. मिशिगन ज्या 'बिग टेन' गटात खेळतं त्यात तेव्हा चौदा संघ होते, आकडा सुधारायची तसदी कोणी घेतलेली नाही. या गटाने २०२२मध्ये टीव्हीवाल्यांशी सात वर्षांसाठी सुमारे ७ अब्ज डॉलरचा करार केला. आणि खेळणारी पोरं? त्यांना शिष्यवृत्ती, राहणं-खाणं. पगार नव्हता. जुलै २०२१पासून त्यांना स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं, आणि विद्यापीठाने थेट उत्पन्नातला वाटा द्यायला तर २०२५ उजाडावं लागलं. याला दुसरी बाजूही आहे. फुटबॉलच्या कमाईवर तिथे पोहणं, जिम्नॅस्टिक्स, मुलींची हॉकी असे किती तरी खेळ चालतात. मी आयुष्यभर चेंडू-जाळ्यांसाठी अर्ज लिहिलेत. त्यामुळे तिथल्या मुलींच्या खेळांच्या सोयी बघून माझा राग निम्मा उतरला. निम्मा आहे अजून.

सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सोपे गेले. नेब्रास्का ४५–७, मिनेसोटा ५२–१०, इंडियाना ५२–७, मिशिगन स्टेट ४९–०. मिनेसोटाच्या सामन्यात पणाला काय असतं, तर मातीचा एक जुना सुरई-घडा. १९०३मध्ये मिशिगनच्या संघाने पाण्यासाठी तीस सेंटला तो विकत घेतला आणि मिनेसोटात विसरून आले. परत मागितला तर उत्तर आलं, जिंकून न्या. तेव्हापासून तो जिंकणाऱ्याकडे जातो.

ऑक्टोबरातच एक बातमी मला थेट मुंबईहून येऊन भिडली. १६ ऑक्टोबरला वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात मतदान झालं आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळ घेतले गेले. क्रिकेट आलं म्हणून आपल्याकडे जल्लोष झाला. पण त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होता. हा या खेळाचा सौम्य अवतार, त्यात खाली पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. आणि कबड्डी? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन ती करून दाखवली होती. तरी मीरा रोडहून लोकलने तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी मतदान झालं, आणि कमरेची पट्टी ओढणारा खेळ आत गेला, आमचा बाहेर राहिला. जावयाने सांत्वन म्हणून आठवण करून दिली की महाराष्ट्रानेही हा खेळ खेळून पाहिलाय. २०१२मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली होती, 'मुंबई ग्लॅडिएटर्स' आणि 'पुणे मराठाज' असे संघ होते, सामने कोलंबोत झाले आणि पहिलं विजेतेपद पुण्याने मिळवलं. पुण्याने जिंकलं हे ऐकून बरं वाटलं, पण माझं समाधान काही झालं नाही.

आणि मग हेरगिरीचं प्रकरण फुटलं. या खेळात तेव्हा मैदानाबाहेरून प्रशिक्षक हातवारे करून किंवा चित्रांचे फलक दाखवून पुढची खेळी सांगत. समोरच्याचे इशारे सामना चालू असताना ओळखले तर गुन्हा नाही. पण त्यांच्या आधीच्या सामन्यांना माणसं पाठवून टेहळणी करणं १९९४पासून बंद आहे. मिशिगनच्या कॉनर स्टॅलियन्स या कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढून लोकांकरवी इशाऱ्यांचं चित्रण करवलं, असं बाहेर आलं. १९ ऑक्टोबरला चौकशी जाहीर झाली, ३ नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. गावात चमत्कारिक वातावरण होतं. दुकानदार, शेजारी, बसमधले विद्यार्थी एकमुखाने सांगत, सगळेच करतात, आम्हीच सापडलो. वर्गात कॉपी पकडल्यावर मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मला हसू आवरेना. त्या मोसमाच्या सुरुवातीला पहिले तीन सामनेही हार्बॉ बाहेर होते, कोविडकाळात नवे खेळाडू घेताना नियम मोडल्याच्या चौकशीपायी. रटगर्सविरुद्ध मी त्यांना पाहिलं तो त्यांचा परतीचाच सामना होता.

दिवाळीच्या तोंडावर मी मीरा रोडला परतले. १० नोव्हेंबरला, संघ पेनसिल्व्हेनियाला निघाला असताना, बिग टेनने हार्बॉ यांच्यावर आणखी तीन सामन्यांची बंदी घातली. जागा घेतली शेरोन मूर यांनी. हे स्वतः एकेकाळी लाइनमध्ये खेळलेले, आणि याच लाइनचे प्रशिक्षक. पेन स्टेटशी सामना ११ तारखेला, आपल्याकडे रात्री साडेदहा. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. लेकीने टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला आणि मी इकडे उटणं कालवता कालवता बघत बसले. मूर यांनी काय करावं? चेंडू फेकणंच थांबवलं. मॅकार्थीने सबंध सामन्यात आठ पास टाकले, आणि शेवटच्या सलग ३२ खेळ्या नुसत्या पळण्याच्या. समोरच्याला माहीत आहे काय येणार आहे, तरी थोपवता येत नाही. पाच जणांनी त्यांच्याच घरच्या एक लाख माणसांसमोर पेन स्टेटची भिंत इंच इंच मागे नेली. २४–१५. सामन्यानंतर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. पुढच्या शनिवारी मेरीलँडला ३१–२४ हरवलं, तो मिशिगनचा हजारावा विजय. एवढे विजय त्याआधी कुठल्याच कॉलेजने मिळवले नव्हते.

आणि मग ओहायो स्टेट. ओहायो आणि मिशिगन १८३५मध्ये टोलेडो शहरावरून एकमेकांवर सैन्य घेऊन चालून गेली होती, फुटबॉलचं वैर १८९७पासूनचं. २५ नोव्हेंबर, ॲन आर्बर, दोन्ही संघ अपराजित, आत १,१०,६१५ प्रेक्षक. तिसऱ्या सत्रात उजवा गार्ड झॅक झिंटर, क्रमांक ६५, माणसांच्या ढिगाऱ्याखाली सापडला. पायाची दोन्ही हाडं मोडली. फोनच्या पडद्यावरही तो पाय बघवला नाही. खेळ थांबला, सगळा संघ मैदानात त्याच्याभोवती येऊन उभा राहिला. गाडीवरून त्याला बाहेर नेलं, आणि लगेचच्याच खेळीत कोरम २२ यार्ड पळून टचडाउन करून आला. पट्ट्यात पोचल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवलं. ज्याच्या नावाने कधी एक गुण लागला नसता, त्याचा आकडा लाखभर लोकांनी वाचला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात रॉड मूरने ओहायोचा पास पकडला आणि ३०–२४.

बाकीचं भराभर. इंडियानापोलिसला आयोवा २६–०. पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये अलाबामाविरुद्ध जादा वेळेत २७–२०. तो सामना आपल्याकडे २ जानेवारीच्या पहाटे साडेतीनला सुरू झाला, त्यामुळे मी फक्त शेवट पाहिला. चौथ्या संधीवर अलाबामाचा क्वार्टरबॅक मिलरो आत घुसायला आला आणि जिथे घुसला तिथे माणसांची भिंत होती. अंतिम सामना ह्यूस्टनला, ९ जानेवारीच्या सकाळी सहाला, म्हणजे दूधवाल्याच्या वेळेला. समोर वॉशिंग्टन, आणि त्या वर्षीचा जो मूर पुरस्कार मिळाला होता वॉशिंग्टनच्याच लाइनला. मिशिगनने झिंटरशिवाय त्यांच्याविरुद्ध ३०३ यार्ड धावून काढले. ३४–१३. पंधरा सामने, पंधरा विजय. टीव्हीवर कोरमचा आणि मॅकार्थीचा जयजयकार चालला होता. मी पाच जणांची नावं शोधत होते, ती खालच्या पट्टीत एकदा येऊन गेली.

महिना संपायच्या आत हार्बॉ व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिसला गेले. एप्रिलमध्ये मिशिगनच्या तेरा खेळाडूंची व्यावसायिक संघांनी निवड केली, मोडलेल्या पायाच्या झिंटरला क्लीव्हलँडने तिसऱ्या फेरीत घेतलं. हेरगिरीचा निकाल ऑगस्ट २०२५मध्ये लागला. विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड, स्टॅलियन्स आणि हार्बॉ यांच्यावर कॉलेजच्या खेळात वर्षानुवर्षांचे निर्बंध. विजय मात्र कायम राहिले. मला विचाराल तर शिक्षा जरा सोयीची झाली. पण असं मी लेकीच्या घरी बोलत नाही.

मधल्या २०२४च्या मोसमात संघाची दैना झाली, आठ विजय, पाच पराभव. मी फोनवर हळहळ व्यक्त केली तर जावयाला ती कशाबद्दल तेच कळेना. ओहायो स्टेटला त्यांच्या घरी जाऊन १३–१० हरवलं होतं ना, म्हणाला.